लागलं का, जावईबापू?

हसायचं नाही, अशी आधी शपथ घ्या. घेतली? मग चहा घ्या आणि माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. आमच्या बेंबळी गावात ती शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण लोक लई तिखटमीठ लावून सांगतात.

लोक मला भोचक म्हणतात. भोचक काय त्यात? शेजारी काय शिजतंय ते शेजारणीला नको का कळायला?

तर ते साल होतं दुष्काळाचं. आमची विहीर इतकी खाली गेली होती की वाकून हाक मारली तर आपलीच हाक कोरडी होऊन वर यायची. चंद्री नावाची गाय होती आमची. दूध सोसायटीत तिच्या दुधाला मान होता. एक दिवस मालक म्हणाले, "जुनीच विहीर आणखी खोल करू. लागलं पाणी तर ठीक, न्हायतर चंद्रीला कळंबच्या बाजारात न्यावं लागंल."

चंद्री बाजारात! त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. जागेपणीसुद्धा कुठंतरी पाणी वाहतंय असं वाटायचं.

अशात शेजारच्या सुंदराबाईचे जावई मस्कतहून सासुरवाडीला आले. आमचं आणि त्यांचं रान बांधाला बांध. एका संध्याकाळी बघते तर काय, जावईबापू मोकळ्या रानात एकटेच चालायलेत. खांद्याला पट्टा, दोन्ही तळव्यांवर आडवा धरलेला एक चपटा करडा डबा. डब्यातून वायर निघालेली, कानांवर काळ्या स्पंजाच्या वाट्या. डोळे अर्धे मिटलेले. पाऊल असं जपून, जणू तळहातावर काठोकाठ तेल आहे! मधेच थांबायचे, मान डोलवायचे, पुन्हा चालायचे.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? आमच्याकडचा विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून अगदी असाच चालतो. मी म्हटलं, मस्कतला सगळं वाळवंट. तिथं प्रत्येक विहिरीला नारळ कुठून आणणार? म्हणून मशीन काढलं असणार!

आणि जावयाला 'हे काय हाय' असं तोंडावर विचारायची रीत नाही. दुसऱ्याचा असला तरी जावई तो जावई. म्हणून मी बांधावरून आडूनच विचारलं,

"लागलं का, जावईबापू?"

त्यांनी एक वाटी कानावरून सरकवली. "लागलं की काकू. आत्ताच लागलं."

मी बांधाच्या कडेला आणखी सरकले. "कितीवर हाय?"

डब्यावरच्या बारक्या काचेत बघून म्हणाले, "सातवर."

सात परस! म्हणजे एकावर एक सात माणसं उभी केली की झालं. मीही वाकून पाहिलं. काचेत काळाभोर सात.

"गोड हाय का?"

"लई गोड," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"मधी तुटत तर न्हाय ना?"

"दगड आला की तुटतं बघा. तेवढं एक वाईट हाय. न्हायतर सलग चालतंय."

आता यातला एक तरी शब्द पाण्याशिवाय दुसऱ्या कशाचा वाटतो का तुम्हाला?

सकाळी सोसायटीत दूध घालायला गेले. माझी किटली मापात रिकामी व्हायच्या आत माझी बातमी गावभर सांडली होती! दुपारपासून जो तो जावईबापूंना चहाला बोलवायला लागला. "जाता जाता आमच्याबी रानातून एक चक्कर मारा की!" ते बिचारे डबा घेऊन सगळ्यांच्या रानातून फिरून आले आणि सासूला म्हणाले, "तुमचं गाव लई मायाळू हाय."

ऐकेनात ते फक्त आमचे मालक. म्हणाले, "त्यापरीस पाणाड्या बरा. नारळ तरी खायला मिळतो."

मग मीच बांध ओलांडला. "जावईबापू, मलाबी ऐकवा की जरा."

ते लई खूष झाले. पाठ फिरवून डब्यात काहीतरी खुडबुड केली. "हे ऐका काकू. तुम्हाला हेच आवडंल." आणि वाट्या माझ्या कानांवर ठेवल्या.

आधी काहीच नाही. नुसती शांतता, पण ती आपल्या रानातली नव्हे. धुऊन वाळत घातल्यासारखी. मग लांबून खळखळ आली. डाव्या कानातून शिरली, डोक्याच्या आतून वाहत गेली, उजव्या कानातून उतरली. पायाखाली भेगाळलेलं रान, वर पांढरं आभाळ, आणि माझ्या डोक्यात नदी! मी माहेरच्या ओढ्यात पाय सोडून बसले होते. परकराचा काठ भिजला होता. पाण्यात ऊन हलत होतं. मधेच एक पाखरू बोललं. जमिनीच्या पोटात पाखरू कुठून आलं, एवढं तरी सुचायला नको का मला? नाही सुचलं! डोळे उघडले तर गाल ओले.

माझं रडं बघून मालक विरघळले. जुन्या विहिरीसाठी ठरवलेले दोन्ही गडी बांधालगत नवा खड्डा खणायला लागले. माती गेली, मुरूम गेला आणि कमरेइतक्यावरच काळा दगड खणकन वाजला. मालकांनी माझ्याकडं असं बघितलं म्हणता!

"जावईबापूंना बोलवा," मी म्हटलं.

ते डबा घेऊन आले. मी खड्ड्यात उतरले, वाट्या लावल्या. खळखळ तशीच! "आवं, हितंच हाय! डावीकडून यायलंय, लिंबाकडून!"

"दाव बरं कुठून," मालक म्हणाले.

दाखवायला मी वळले. आणि नदीही वळली! "आता बांधाकडून यायलंय…"

मालकांनी मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं. नदी फिरली. मग वर काढून बैलगाडीत उभं केलं. तिथंही पाणी!

"आता गाडीत विहीर पाडायची का?" मालक म्हणाले.

गडी फावडी टाकून खाली बसले, हसून हसून. जावईबापूंचा चेहरा मात्र कसनुसा झाला. त्यांनी हळूच डब्याचं झाकण उघडलं. आत चांदीसारखी तबकडी, मधे भोक. उन्हात धरली तशी तिच्यावर इंद्रधनुष्याची धार पसरली. पाण्यावर तेल तरंगतं ना, तशी.

"काकू, पाणी ह्याच्यात हाय. ही डब्यासंगं आलेली कंपनीची नमुन्याची तबकडी, हिच्यात नदीचा आवाज भरलाय. हिला सुई लागत न्हाय, आतला बारीक उजेडच हिला वाचतो. हिसका बसला की मात्र गाणं तुटतं, म्हणून जपून चालतो मी."

"उजेड वाचतो?" माझा आवाज कुठंतरी तळाला गेला होता. "मग ते सात?"

"सातवं गाणं."

गडी दुसऱ्या दिवशी गुमान जुन्या विहिरीत उतरले. पाणी लागलं. गढूळ, ओंजळीनं गोळा करावं एवढंच, पण चंद्रीपुरतं झालं. ती राहिली. खड्डाही राहिला. त्यात आता शेणखत टाकतो.

अजूनही सोसायटीच्या दारात कुणीतरी मुद्दाम विचारतंच, "काय काकू, नव्या विहिरीचं पाणी कुठवर आलं?"

मी तोंड उघडायच्या आत मालकच सांगतात, "कुठवर म्हंजी? जन्मभर गावाचे कान भरणारीचे कान काठोकाठ भरले की!"