बोंडल्यावरचा ठसा

आमचा मुलगा गेला तेव्हा त्याला नुकते दात येत होते. ताप आला, उतरला, परत चढला, आणि एका सकाळी तो उठलाच नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही. त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते दुसऱ्या कोणाच्या घरातले असल्यासारखे. पांढुर्ण्याच्या त्या घरात मी झाडत होते, पाणी भरत होते, शेजारणी येऊन बसायच्या त्यांना चहा करून देत होते. एखादी रडायला लागली की मी तिच्याकडे नुसती पाहत राहायचे. माझ्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं, आणि ते येत नाही याचंही मला काही वाटत नव्हतं.

राज्यं बदलायचं ते वर्ष होतं. नागपूर मुंबई राज्यात जाणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, आणि आमचा सौसर-पांढुर्ण्याचा पट्टा मध्य प्रदेशातच राहणार, अशी बोलणी ओट्याओट्यावर चालायची. माझे यजमान शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे रोज कोणीतरी विचारायला यायचं की आता पोरांना मराठीत शिकवायचं की हिंदीत. ते उत्तर द्यायचे, पण अर्ध्यातच थांबायचे आणि पुढचं वाक्य विसरायचे.

बाळाची चांदी देवळीतल्या डब्यात होती. बारशाला आणि उष्टावणाला आलेली. वाटी, चमचा, खुळखुळा, पायातले वाळे, आणि बोंडलं, म्हणजे तान्ह्या मुलाला दूध पाजायचं तोटीचं छोटं भांडं. एके दिवशी शाळेत जाताना यजमान उंबऱ्यात थांबले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तो डबा बाबांकडे घेऊन जा. मोडून टाकायला सांग सगळं."

मी "बरं" म्हटलं. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि परत चुलीत लाकूड सारलं.

माझे वडील सौसरला सोनारकाम करायचे. बाजाराच्या तोंडाशी लहानसं दुकान. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून शाळा सुटली की मी दुकानातच बसायची, आणि बसल्या बसल्या ठसे ओळखायला शिकले. प्रत्येक कारागीर आपल्या भांड्याच्या बुडाला किंवा काठाखाली बारीक ठसा मारतो. कोणाचं अक्षर, कोणाचा मासा, कोणाचं फूल. बाबांचा ठसा म्हणजे गोलात तीन टिंबं. गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा परासियाच्या कोळशाच्या खाणींकडून त्यांच्या घरांतले काटे-चमचे लिलावात निघाले, आणि लोक ते पुड्या बांधून दुकानात आणायचे. त्यांवर सिंह आणि जहाजाचा नांगर असला की बाबा म्हणायचे, चांदी आहे. ई पी एन एस अशी चार अक्षरं असली की वर नुसता मुलामा. इंग्रजी मुळाक्षरं मी त्या चमच्यांवरूनच शिकले. पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि लग्न होईपर्यंत भिंग माझ्याच हातात राहिलं.

मी डबा फडक्यात बांधून सौसरच्या मोटारीत बसले. मोटारीत दोघं जण भांडत होते की आता नागपूरला जायचं म्हणजे परमुलखात जाणं झालं की नाही. तिगावचा एक म्हातारा म्हणाला, "संत्री कुठं विकायची तेवढं सांगा, बाकीचं राहू द्या." सगळे हसले. मीही हसले असेन. मांडीवरचं गाठोडं खूप हलकं होतं, आणि मोटार उडाली की आतला खुळखुळा वाजायचा. मग मी त्यावर हात ठेवला.

बाबांनी मला पाहिलं, गाठोडं पाहिलं. पाणी दिलं. शेगडीतले कोळसे फुंकले. मग चौरंग पुढे ओढून म्हणाले, "आण."

त्यांचा एक नेम होता. कोणी मोडायला जिन्नस आणला की तो मुशीत वितळायला टाकण्याआधी त्याचा ठसा वाचायचा, कोणाच्या हातचा आहे ते आणणाऱ्याला सांगायचं, आणि मग विचारायचं, मोडू का? चोरीचा माल असला तर आणणारा तिथंच अडखळतो, असं ते म्हणत. पण त्या दिवशी चोरीचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं.

"वाच, पोरी. मले दिसत नाही."

मी वाटी उलटी केली. "चौकोनात दोन अक्षरं. नागपूरच्या इतवारीतली."

"तुह्या मामानं देल्ली असंल."

"हो."

"मोडू का?"

"मोडा."

वाटी मुशीत गेली. चमच्यावरही तीच अक्षरं होती, तोही गेला. खुळखुळ्याच्या दांड्यावर मासा होता, म्हणजे छिंदवाड्याचा. बाबांनी तो फोडला तेव्हा आतले खडे चौरंगावर सांडले. साधे नदीतले बारीक खडे होते. ते त्यांनी तळहातावर गोळा केले आणि कुठं ठेवावेत ते न कळून तसेच हातात धरून बसले. मग अंगरख्याच्या खिशात टाकले.

वाळे उचलले तेव्हा मला भिंगाची गरज नव्हती. गोलात तीन टिंबं होती.

"हे तुमचे," मी म्हटलं.

"हाव." त्यांनी वाळे हातात घेतले. "मोडू का?"

"मोडा."

त्यांनी मळ निघायला टाकणखाराची चिमूट टाकली आणि फुंकणी तोंडाला लावली. चांदी आधी काळी पडली, मग लाल झाली, मग कडा बसल्या आणि ती एकदम पाण्यासारखी हलली. मी ते पाहत होते. त्यावेळी मला एवढंच वाटलं की कोळसा ओला आहे, धूर फार होतोय. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं की नाही हे मी विचारलं नाही.

शेवटी बोंडलं उरलं.

"हे जुनं आहे," मी म्हटलं. "सासऱ्यांच्या घरातलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, सासरेही तान्हे असताना यातूनच दूध प्याले."

"ठसा?"

बोंडलं काळपट होतं. तोटीच्या खाली बोट फिरवलं तर काहीतरी लागलं. फडक्यानं घासून मी भिंग धरलं. "पिंपळाचं पान आहे."

बाबांचा हात थांबला. "पानाचं टोक हाय का?"

"नाही. तुटल्यासारखं आहे."

"नीट पाह्य."

मी नीट पाहिलं. पान होतं, शिरा होत्या, देठ होता. टोकाच्या जागी सपाट होतं. आणि ठशाच्या कडा अशा धारदार होत्या की नखाला टोचत होत्या. रोज राखेनं घासलेल्या जुन्या भांड्यावर तशा राहत नाहीत.

"हे लोधीखेड्याचं," बाबा म्हणाले. "तिथला सोनार आधी माह्याकडेच कामाले होता. जातानी मीच त्याले तो ठसा देल्ला. तुह्या लग्नाच्या साली ठसा दगडावर पडला अन् टोक उडालं. तुटक्या पानाचं भांडं त्याच्या आधीचं असूच शकत नाही."

"मग हे काळं कशानं?"

"गंधकाची धुरी देल्ली असंल. जुनं दिसावं म्हणून."

मी बोंडलं खाली ठेवलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी समजून घ्यावंसं वाटलं. पण ते दुखणं नव्हतं, रागही नव्हता. नुसता प्रश्न होता.

"हे मोडू का?" या वेळी मीच विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "ज्यानं देल्लं त्याले पुसून ये. मग मोडू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पांढुर्ण्याला परतले. सासूबाई मागच्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. कडक बाई. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलं, पाणी आलं, एवढंच. मी त्यांच्यासमोर बसले आणि बोंडलं त्यांच्या सुपाशेजारी ठेवलं.

"हे मोडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"बाबांनी नाही मोडलं. म्हणाले, हे नवं आहे. लोधीखेड्याचं."

त्या शेंगा सोलत राहिल्या. मला वाटलं त्या रागावतील, माझ्या बापाला खोटं पाडतील. मी तयारही नव्हते आणि मला भीतीही नव्हती.

"तुले दिवस गेल्ते तवा मी जामसावळीले गेल्ती," त्या म्हणाल्या. "मारुतीले नारळ फोडाचा म्हणून. तिथून तशीच पुढं लोधीखेड्याले गेली. सौसरले कशी जाऊ? तिथं तुहा बाप."

"पण नवं का केलं? जुनं कुठं आहे?"

"जुनं जाम नदीत हाय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले.

"तुह्या नवऱ्याच्या आधी मले एक पोरगी झाल्ती. तुह्या पोराहून मोठी. चालाले लागली होती. वसरीच्या खांबाले धरून अशी गोल फिरे. मग बसली अन् उठली नाही. तिले नदीच्या काठी ठेवलं, अन् बोंडलं मी पाण्यात सोडलं. मह्या सासूनं सांगितलं, आता तिचं नाव नाही काढायचं, पुढच्या पोराले लागते. मी नाही काढलं. मंग तुह्यावेळी सगळे पुसतीन, घरातलं जुनं बोंडलं कुठं हाय. काय सांगू? म्हणून केलं."

"यांना माहीत आहे?"

"त्याले कोण सांगते?"

मी सुपातल्या शेंगा घेतल्या आणि सोलू लागले. थोड्या वेळानं मी म्हटलं, "आपला बाळ खुळखुळा आपटायचा नेहमी. वाजवायचा नाही, आपटायचा."

"हाव," त्या म्हणाल्या. "पाटावर."

"पाटावर."

तो गेल्यानंतर त्याच्याबद्दल मी कोणाशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी पुढची शेंग घेतली.

संध्याकाळी यजमान शाळेतून आले. हातपाय धुऊन त्यांनी विचारलं, "मोडलं का सगळं?" मी सांगितलं, एक राहिलं. का राहिलं ते मी सांगणार नव्हते, ते माझं सांगायचं नव्हतं. पण सासूबाई आतून आल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी स्वतःच सांगितलं. अगदी थोडक्यात सांगितलं, जणू गावातली एखादी बातमी.

यजमान ऐकत होते. हातातला पंचा तसाच. मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं, आई?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग त्यांनी नाव सांगितलं. माझ्या नवऱ्यानं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं, ओळखीचं वाटतं का बघावं तसं. नंतर तो उठून आईच्या शेजारी जाऊन बसला. तिला हात लावला नाही. मी आत जाऊन भाकरी टाकायला घेतल्या.

या सगळ्यानं माझं बधिरपण गेलं असं नाही. ते पुढेही बरेच महिने राहिलं आणि कधी गेलं ते मला कळलंही नाही. मोटारीतलं भांडण मिटलं, शाळेत हिंदीचा तास वाढला, आम्ही होतो तिथंच राहिलो. बोंडलं सासूबाईंनी आपल्या ट्रंकेत ठेवलं. कधी कधी दुपारी भांडी घासताना त्या आपणहून मुलीबद्दल एखादी गोष्ट सांगायच्या. तिला डाळीचं पाणी आवडायचं नाही, कुत्र्याला ती घाबरायची नाही. मी ऐकायचे, आणि त्या थांबल्या की माझ्या मुलाबद्दल एखादी सांगायचे.