पाचवं बोट

आधीच सांगून टाकतो. भुताखेतांचं सोडाच, मी माणसांवरसुद्धा चटकन विश्वास ठेवत नाही. छत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. शेतकरी बांधावर हात ठेवून 'देवाशपथ साहेब, हीच हद्द' म्हणाला की मी हमखास साखळी पुन्हा टाकायचो. बायको म्हणते, "तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल." असा माणूस हे लिहितोय. पटलं नाही तरी राग नाही... मलाही धड पटलेलं नाही.

आमचं गाव धुळे-पारोळे रस्त्यावरून आत चार किलोमीटर. आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याची घागर भरतात आणि घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. आमच्या घरची सात बोटं. आजोबा, आजी, थोरले काका, काकू, शकूअक्का, आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. अण्णांच्या मागे ही बोटं मीच ओढत आलो.

पाचवं शकूअक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. मी एकोणीस वर्षांचा असताना ती जातीबाहेरच्या एका मुलाबरोबर निघून गेली. अण्णा त्यांचे मित्र नाना यांना घेऊन शोधायला गेले. तिसऱ्या दिवशी परतले, ओट्यावर बसून डोक्यावरून पाणी घेतलं आणि म्हणाले, "शकू गेली. येत्या अखाजीला तिचंही बोट ओढायचं." कशाने गेली, कुठे गेली, अग्नी कोणी दिला... कोणी विचारलं नाही. अण्णांना विचारायची छाती कुणाची होती? आई तेवढी दर अखाजीला पाचव्या बोटाच्या वेळी उठून आत जायची. मला वाटायचं, तिला बघवत नसेल.

गेल्या वर्षीच्या अखाजीला मी पहिल्यांदाच घरी नव्हतो. मुलगी गार्गी दक्षिण फ्रान्समध्ये मॉन्पेलिएला नोकरी करते, तिच्याकडे आम्ही दोघं गेलो होतो. गावचं घर धाकटा भाऊ सुनील आणि त्याची बायको मंदा बघतात. "सात बोटं, क्रमाने, आणि फोटो पाठव," असं मी सुनीलला तीनदा बजावलं. सकाळी उठलो तर फोटो आलेला. मोठा करून मोजली. सात.

त्या दिवशी गार्गीने मला पेझेनास नावाचं जुनं गाव पायी फिरवायचं ठरवलं. बायकोचे गुडघे दुखत होते, ती घरीच राहिली. बसने तासभर. गाव सुंदर, खोटं कशाला बोलू. पिवळसर दगडाची तीन-चारशे वर्षांची घरं, आत फरसबंद चौक, गोल जिने, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल. पण मी तिथेही मीच. पासपोर्ट बनियनच्या चोरखिशात, आणि कोणी हसून 'बोंजूर' म्हटलं की हात छातीवर. गार्गी वैतागली. "पप्पा, ते फक्त नमस्कार करताहेत!"

"नमस्कार करणाऱ्यांनीच जगाला बुडवलंय," मी म्हटलं.

तिथे रिळाच्या आकाराच्या छोट्या कचोऱ्या मिळतात. म्हणे कुण्या इंग्रज साहेबाच्या हिंदुस्थानी आचाऱ्याने ही चीज गावाला शिकवली. आत काय असतं विचारलं, तर मटण आणि साखर! अखाजीच्या दिवशी मटण? नाव नको. "उद्या कर आहे, सणानंतरचा दिवस, तेव्हा खाऊ," म्हणून चार बांधून घेतल्या.

फोनवरच्या नकाशावर माझा भरवसा नाही, म्हणून पावलं मोजत होतो. चौकातल्या कारंज्यापासून उजवीकडच्या गल्लीत दोनशे बारा पावलं. डाव्या हाताला हिरवं दार, दारावर लोखंडी पंजाची कडी. खाली दगडी उंबरठा... आणि उंबरठ्यावर कुंकवाची सात बोटं.

मी वाकून जवळून बघितलं. रंगाचे फराटे नव्हते ते. खालून वर ओढलेली, टोकाला निमुळती होत गेलेली, ओल्या कुंकवाची बोटं.

"पाइपलाइनच्या खुणा असतील पप्पा," गार्गी म्हणाली.

"पाइपलाइनवाले बोटाने खुणा करतात?" मी फोटो काढला. अकरा चाळीस झाले होते. पहिला संशय गार्गीवरच गेला. सण चुकल्यासारखं वाटू नये म्हणून पोरीने आधी येऊन हा उद्योग केला असणार! पण तिचा चेहरा बघितला आणि तो संशय गिळला.

तेवढ्यात दार उघडलं. सत्तरीची बाई, निळा एप्रन, हातात ओलं फडकं. ती आमच्याकडे न बघता वाकली. पहिल्या बोटापासून पुसेल असं वाटलं. तिने पाचवं पुसलं. फक्त पाचवं, आजूबाजूच्या दोन्ही बोटांना धक्का न लावता, ताटातलं खरकटं काढावं तसं. मग माझ्याकडे बघून 'नाही' अशी मान हलवली आणि दार लावून घेतलं. पुसतानाचाही फोटो माझ्याकडे आहे, त्यात तिचा हात आलाय.

गार्गीने मला ओढत चौकात नेलं, पाणी पाजलं. वीस मिनिटांनी मी उठलो. म्हटलं, मोजणी दोनदा करायची असते. परत दोनशे बारा पावलं. तेच दार, तीच कडी. उंबरठा मात्र कोरा, पांढराफटक, ठणठणीत कोरडा. ओलीचा डाग नाही की लालसर छटा नाही.

कडी वाजवणार, तोच मागून तीच बाई आली. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या, एप्रन नाही. गार्गीने फ्रेंचमध्ये विचारलं. बाई म्हणाली, मी सकाळी नऊला बाहेर पडले ती आत्ता येतेय, घरात दुसरं कोणी नाही. मी फोटो पुढे केला. तिने उंबरठा ओळखला. मग त्यातला हात बघितला, स्वतःच्या हातातली तीच अंगठी बघितली, आणि आमच्याकडे असं बघायला लागली की चोर आम्हीच! गार्गीला काहीतरी फटकारून म्हणाली आणि धाडकन दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा संशयी माणूस भेटलं.

तिथूनच सुनीलला फोन लावला. "उंबरठ्याचा आत्ताचा फोटो पाठव."

"सकाळी पाठवला ना, भाऊ?"

"आत्ताचा म्हटलं ना!"

फोटो आला. सहा बोटं. चौथ्या आणि सहाव्याच्या मध्ये ओला डाग. सकाळची सहा बोटं वाळून काळपट झालेली, आणि मधला तेवढाच दगड ओला. मंदाला विचारलं तर ती रडकुंडीला आली. "भाऊजी, देवाशपथ मी हात नाही लावला. तीनला भांडी घासायला बाहेर आले तेव्हा सात होती. सव्वातीनला आत जाताना बघितलं तर हे असं. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

आपली घड्याळं तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे. अकरा चाळीस म्हणजे आपले तीन दहा. तुम्हीच करा हिशोब. मांजर म्हणावं, तर मांजर बरोब्बर पाचवं शोधून पुसतं?

परतीच्या बसमध्ये गार्गीने सहज विचारलं, "पाचवं कुणाचं असतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आत्या कशाने गेली?" लोकांच्या एका वितीच्या हद्दीसाठी मी तीन-तीन कागद मागितले, आणि सख्ख्या बहिणीच्या मरणाचा एक पुरावा मागितला नाही? ज्या माणसाने ती गेल्याचं कळताच 'तिचं तोंड बघणार नाही' म्हटलं, त्याच्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं गप्प बसलो? माझी मलाच लाज वाटली, हे स्पष्ट लिहितो.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी गावी गेलो. नाना आता नव्वदीला आलेले, ओट्यावर खाटेवर होते. विचारलं, "नाना, अण्णांबरोबर तुम्ही गेला होतात. शकूअक्का कशाने गेली?"

नाना खाटेवर उठून बसले. मग अहिराणीत म्हणाले, "मरेल नही व्हती ती. पाचोराले व्हती. तुना बापनी माले शपथ घाली व्हती."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कोणीच इचारं नही रे, भाऊ."

पाचोरा! पाचोऱ्याला मी दोन वर्षं नोकरी केली आहे. रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर चहा प्यायचो. अक्काचा नवरा रेल्वेत गँगमन होता, एवढंच नानांना आता आठवत होतं. तेवढ्यावर मी पाचोऱ्याला स्टेशनच्या भागात विचारत फिरलो. तिसऱ्या दारात पांढऱ्या केसांची बाई शेंगा फोडत बसली होती. कपाळ अगदी आईचं. मी दारातच थबकलो. तीच बोलली, "इतला काय दखस? जित्ती शे रे मी."

मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "तुले ठेसनवर चहा पेतांना दखेल शे मी."

"मग हाक का नाही मारलीस, अक्का?"

"मरेल माणूस हाक मारस का?" आपल्या नावाने घागर भरतात, हे तिला नानांकडून कळलं होतं. त्यानंतर ती आमच्या वाटेला गेली नाही.

जुनी खोड, म्हणून हेही विचारून घेतलं. त्या अखाजीला दुपारी तीनच्या सुमारास ती काय करत होती? काही नाही म्हणाली. जेवली आणि झोपली. स्वप्न नाही, ताप नाही, काही नाही. फ्रान्स कुठे आहे हेही तिला माहीत नाही. तिकडचे दोन्ही फोटो तिने बघितले, आणि त्या बाईच्या हाताबद्दल म्हणाली, "घरकाम करेल हात शे." बस. तिकडची बाई कोण, तिचा हात तिच्या नकळत माझ्या घरच्या उंबरठ्यावर कसा पोचला, मला ठाऊक नाही. फोटो कितीतरी जणांना दाखवले. कोणी म्हणालं, मोबाइलमध्ये हल्ली काहीही बनवता येतं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

यंदाच्या अखाजीला अक्काला माहेरी आणलं. लेकीबाळी माहेरी येण्याचाच सण तो. बोटं मी सकाळीच ओढून ठेवली होती. सहा, पाचव्याची जागा मोकळी सोडून. अक्का दारात आली आणि थांबली. खाली बघून तिने विचारलं, "मनं बोट कोठे व्हतं?"

मी मधला कोरा दगड दाखवला. तिने बरोबर तिथेच पाय ठेवला आणि घरात आली.