काटा उठला का?

आमच्या कॉलनीतल्या गजभियेवहिनींच्या शेजारी गाडीत बसलं की सुरुवातीला त्या एक अक्षर बोलत नसत. नेहरू नगरची गल्ली संपून हायवे लागला की समोरच्या एका गोल मीटरकडे हनुवटीने खूण करायच्या आणि विचारायच्या, "भाऊजी, पाहा बरं, उठला का काटा?"

मी चष्मा पुसून बघायचो. काटा तळाशी. "थोडासा उठल्यासारखा वाटतो," मी म्हणायचो. "मले तं नाही वाटत," असं म्हणून त्या गाडी पुढे दामटायच्या. दुर्ग ओलांडल्यावर त्यांना तो उठल्यासारखा वाटायचा आणि मला नाही. माझं आयुष्य रेल्वेत गार्ड म्हणून गेलं. तिथे गाडी कुठे थांबणार हे ती सुटण्याआधी ठरलेलं असतं. वहिनींच्या गाडीचं तसं नव्हतं. ती काट्याच्या मर्जीवर होती.

गाडी दादारावांची, म्हणजे वहिनींच्या यजमानांची. जुनी, बुटकी, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार. एका कंत्राटदाराच्या गोदामात तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या, तिथून दादारावांनी ती उचलून आणली आणि कित्येक वर्षं खपून चालती केली. दादाराव इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये मीटर दुरुस्त करायचे. तापमानाचे, दाबाचे, सगळ्या जातीचे. माणूस मोठा अबोल. लग्नसमारंभात "जयभीम" म्हणून एका कोपऱ्यात बसले की जेवणाची पंगत उठेपर्यंत तिथेच.

या गाडीचं इंजिन मागे, आणि त्यात पाणी नावालाही नाही. सगळं गार करायचं ते हवेने आणि तेलाने. त्यामुळे आमच्या उन्हाळ्यात ती बाहेर काढायचीच नाही, चादर पांघरून ठेवायची. काढायची फक्त हिवाळ्यात, रविवारी, वहिनींना शेजारी बसवून. पण हिवाळ्यात उलटीच भानगड. तेल पुरेसं तापत नाही. तापलं नाही तर त्यात धरलेला ओलावा उडून जात नाही आणि इंजिन आतून गंजतं. तेल तापलं की नाही, ते सांगायला तो गोल मीटर. दादारावांनी हे वहिनींना समजावलं होतं, आणि वहिनींनी ते आपल्या परीने शिजवून घेतलं होतं: "वरनाले उकळी नाही आली तं वरन कच्चं. तेलाचंबी तसंच हाय जी."

दादाराव गेले तेव्हा वहिनी साठीला टेकल्या होत्या. सायकलसुद्धा येत नव्हती त्यांना. मुलगा राहुल पुण्याला नोकरीत. तो घाईतच यायचा, घाईतच जायचा. "मम्मी, बेच दो ना," एवढंच म्हणायचा. वहिनींनी जवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. कॉलनीतली पोरं हसली, मीही हसलो. हिवाळा लागला आणि एका रविवारी चादर निघाली, गाडी गुरगुरली, अन् वहिनी पदर खोचून स्टिअरिंगवर! त्यांना एकच धास्ती होती. आपल्या अडाणीपणाने यांचं इंजिन बसलं तर? घरात दादारावांचं असं दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि दादारावांनी मागे ठेवले होते दोन नियम. पहिला, थंड इंजिन जोरात पळवायचं नाही. दुसरा, काटा उठल्याशिवाय घरी यायचं नाही. मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं. जोरात न्यायची नाही म्हणून तेल तापत नाही, आणि तेल तापत नाही म्हणून जोरात न्यायची नाही. मग माणसाने घरी यायचं तरी कधी?

"काऊन इतका विचार करता, भाऊजी? यायले समजत होतं सारं," वहिनी म्हणायच्या. 'यायले' म्हणजे दादारावांना. पण स्वतःही गोंधळलेल्याच असायच्या. एकदा मेथीची जुडी आणायला म्हणून एकट्याच निघाल्या आणि दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, महाराष्ट्र लागला जी. आता का करू?"

"महाराष्ट्र? वहिनी, आहात कुठे?"

"बाघनदीले, बॉर्डरवर. काटा उठलाच नाही ना बापा!"

मी म्हटलं, "काट्याला मारा गोळी अन् परत फिरा." त्या परत आल्या, संध्याकाळी. मेथी महाराष्ट्रातून आणली होती. दोन दिवस मात्र चुकल्यासारखा चेहरा करून वावरत होत्या, नवऱ्याचा शब्द मोडला म्हणून.

पुढे कार्बोरेटर साफ करायला रायपूरहून एक मिस्त्री आला. काम झाल्यावर वहिनींनी त्याला काट्याचं गाऱ्हाणं सांगितलं. तो मागे वाकला, हात घातला आणि हसायलाच लागला. "माताजी, काँटा उठेगा कैसे? मीटर का तार तो लगा ही नहीं है. किसी ने निकालकर टेप लपेट दिया है, बड़े सलीके से."

वहिनींनी वाकून ती तार पाहिली. टेपची घडी बोटाने चाचपली. "हा टेप यायनंच गुंडाळला हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात नुसता गुंता. जन्मभर प्लांटचे मीटर जुळवणारा माणूस घरच्या मीटरची तार काढून ठेवतो आणि विसरतो? की विसरत नाही?

"जोडा," वहिनी मिस्त्रीला म्हणाल्या. "खरं का हाय ते समजू द्या."

तार जोडली. आम्ही तिघं निघालो. दुर्गच्या पुलावर काटा हलला. रसमड्याचे कारखाने दिसायला लागले तोवर तो मध्यावर येऊन शहाण्यासारखा उभा राहिला. वहिनींनी गाडी कडेला घेतली.

"झालं? इतक्यातच?" त्या म्हणाल्या. काट्याकडे त्या अशा बघत होत्या, जसं काही कुणी त्यांना जेवता जेवता ताटावरून उठवलं. "भाऊजी, हे मले राजनांदगावच्या पार नेत. मी दर खेपेले भांडली, घरी सैपाक पडला म्हनून. अन् हे आपले, काटा नाही उठला, थोडं पुढं जाऊ. सरळ सांगतलं असतं का चाल, फिरून येऊ, तं मी का नाही म्हनली असती?" मग जरा थांबून स्वतःच म्हणाल्या, "नाहीच म्हनली असती म्हना. गॅसवर मटन राहे ना."

आणि रडल्या. मी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने खिडकीबाहेर पाहिलं. डोळे पुसून वहिनी त्याला म्हणाल्या, "वो तार निकाल दो, भैया. जैसा था, वैसा टेप लगा दो." बिचारा मिस्त्री! एकाच दिवसात तीच तार त्याने जोडली आणि तीच सोडवली.

दादारावांनी ते मुद्दाम केलं होतं का, हे मला आजही कळलेलं नाही. वहिनींना विचारायचा धीर झाला नाही, आणि आता त्याही नाहीत. मात्र त्यांचा शेवटचा हिवाळा मला लख्ख आठवतो. गुडघ्यांनी दगा दिला होता, क्लच दाबवत नव्हता. राहुल शनिवारी आला होता आणि रविवारी संध्याकाळच्या विमानाने जाणार होता. सकाळी वहिनींनी हट्टाने चादर काढायला लावली. राहुल स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, आणि मागच्या टीचभर सीटवर पाय दुमडून मी.

रसमडा आलं तसं राहुलने घड्याळ पाहिलं. "मम्मी, हो गया ना? वापस चलें? पॅकिंग बाकी है."

"पाह्य बरं, उठला का काटा?" वहिनी म्हणाल्या.

त्याने पाहिलं. "नहीं. हिल भी नहीं रहा. खराब है क्या?"

"खराब कायले राहते? तेल थंड हाय अजून. तुया बाबानं सांगतलं होतं, काटा उठल्याबिगर घरी जायचं नाही. चाल थोडा पुढं. अन् मंग, तुया हापिसातलं सांगत होता ना काल, अर्धंच राह्यलं. सांग ना."

राहुल हसला, घड्याळावर बाही ओढली आणि ऑफिसातलं सांगायला लागला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मध्येच मागे न वळता त्यांनी विचारलं, "काऊन भाऊजी, तुमाले दिसते का उठल्यासारखा?"

इंजिन माझ्या पाठीमागेच होतं. पाठ शेकून निघत होती.

"कुठं जी वहिनी," मी म्हणालो, "थंडच आहे अजून."