जोशीकाकूंचं मॅन्युअल

मंडळी, आज सकाळी आमच्या लॅबमधलं रक्त तपासायचं नवं मशीन अडलं. एका पेशंटचं ऑपरेशन त्याच मशीनच्या रिपोर्टसाठी थांबलं होतं. मी टावर चौकातल्या सायबर कॅफेत धावले, नेटवरचे उपाय छापून आणले. एकही चालला नाही.

आमच्या सीनियर जोशीकाकूंनी कंपनीचं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल उघडलं. "अगं, तुझे कागद दुसऱ्या मॉडेलचे आहेत. आपलं इथे लिहिलंय."

दहा मिनिटांत मशीन चालू झालं आणि ऑपरेशन वेळेवर झालं.

हिंदी मीडियममध्ये शिकलेल्या काकूंनी पानापानावर पेन्सिलीने अर्थ लिहिले होते. मी पानं चाळत विचारलं,

"एवढं कधी वाचलंत?"

"रोज दोन पानं. किसी और के भरोसे पेशंटला कसं ठेवायचं?"

तुमच्यापैकी कोणी असं मॅन्युअल पूर्ण वाचलंय?