फळ्यावरची खुंटी

कवितेवर बोलायला आमच्या परळच्या वाचनालयात कुणाला आग्रह करावा लागत नसे. फळ्यावर एक कविता लिहायची आणि आठवडाभर गप्प बसायचं. किस्से आपोआप जमतात. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत तर फारच जमले!

फळा एरवी चाळीतला वशा परब लिहायचा. तो सत्याग्रहात पकडला गेला, कधी सुटेल कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खडू माझ्या हाती आला. मी लगेच माझी आवडती नवकविता फळ्यावर चढवली. खोलीत खुंटी, खुंटीवर सदरा, आणि माणूस घरी नाही. एवढीच कविता!

*

पहिले आले ताम्हणे मास्तर. रिटायर झाले तरी छडी जिभेवर. बोटांवर मात्रा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, "वृत्त कुठलं?"

"मुक्तछंद आहे, मास्तर."

"म्हणजे नापास!"

दुसऱ्या दिवशी नळावर बादली भरताना मास्तर तीच कविता पुटपुटत होते. मला बघताच त्यांनी रामरक्षा सुरू केली.

*

गिरणीत साचे चालवणारा बबन रात्रपाळी करून आला, फळ्यासमोर उभा राहिला आणि खदखदून हसला. "आयला, ही आमच्या जॉबरवर आहे! खात्यात कोट टांगून ठेवतो आणि दिवसभर गायब. मॅनेजरला वाटतं, साहेब इथंच आहेत!"

शेजारच्या चाळीतला कांबळे पोस्टात होता. त्याच्या एका खोलीत तीन भावांचे संसार. त्यानं कविता शांतपणे वाचली.

"एका खुंटीला एकच सदरा?" तो म्हणाला. "कवी श्रीमंत दिसतो!"

*

समितीचे कार्यकर्ते राणे यांना फळा मीटिंगच्या नोटिशीसाठी हवा होता. पुसायला म्हणून फडकं उचललं आणि कविता वाचून थबकले. "अरे, खुंटी म्हणजे दिल्ली! सदरा म्हणजे मुंबई! टांगून ठेवलीय आपल्याला!"

संध्याकाळी सभेत त्यांनी हे ठणकावून सांगितलं. टाळ्याच टाळ्या! कविता वाचली, फळाही वाचला.

*

त्याचा परिणाम म्हणजे साध्या वेशातला पोलीस. तो साध्या वेशातला आहे हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. पेपरामागून विचारायचा, "खुंटी म्हणजे नक्की कोण हो?"

मास्तर म्हणाले, "आधी वृत्त सांगा, मग अर्थ सांगतो."

दोन दिवस कविता वाचून वाचून तो माझ्याजवळ आला. आवाज खाली. "साहेब, बायको माहेरी गेली की असंच होतं का हो सगळ्यांना?"

त्याची सातारला गेली होती म्हणे.

*

वशाची आई, पार्वतीकाकी, हिला वाचता येत नसे. एके दुपारी पदर खोचून आली. "सगळे काय बगतत? माका वाचून दाखय रे."

मी वाचली. काकी म्हणाली, "सदरो धुतलेलो की अंगातलो?"

"कवितेत तसं काही नाही, काकी."

"अंगातलोच आसतलो," म्हणाली आणि निघून गेली.

तिच्या खोलीत वशाचा सदरा तो पकडला गेला त्या सकाळपासून खुंटीवर होता. काढू देईना, धुऊ देईना. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

*

आणि एका दुपारी वशा सुटला! बबन, राणे, सगळेच त्याला आणायला गेले होते. झेंडूचा हा जाडजूड हार घालून मिरवत आणला. दारात काकीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळे पुसले आणि लगेच ताट वाढलं. आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे.

वशा पानावर बसायला निघाला. गळ्यातला हार काढला आणि जुन्या सदऱ्यावरच अडकवायला खुंटीकडे हात नेला. "आये, हार हय ठेवतंय गो."

काकी वाढता वाढता उठली. हातातली पळी खाली पडली. तिनं हार हिसकावला आणि पुन्हा त्याच्या गळ्यात घातला.

"भिंतीक हार नको!"

राणे काहीतरी बोलणार होते, मास्तरांनी त्यांचा दंड धरला. वशा तसाच, हार घालून जेवला.