विश्रांतवाडीला न लागणारं स्टेशन

माझ्या आईचा आवाज रेडिओवर येणार होता आणि आमच्या घरी नेमकं तेच स्टेशन लागत नव्हतं.

स्टेशन कोथरूडच्या बाजूला एका कॉलेजच्या गच्चीवर होतं. कॉलेजचीच मुलं ते चालवायची. आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांना, रिक्षावाल्यांना, भाजीवाल्यांना बोलतं करायचं आणि ते लोकांना ऐकवायचं, हा त्यांचा उद्योग. ताकद मात्र इतकी बेताची, की नदी ओलांडेपर्यंतच त्याला धाप लागायची. आम्ही राहायचो विश्रांतवाडीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. त्यात येरवड्यापासून इकडे नव्या काचेच्या इमारती मध्ये आडव्या उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीत मी संगणकावर बसून पगार घेत होते, त्यामुळे इमारतींबद्दल तक्रार करायचीही सोय नव्हती.

आई दर मंगळवारी दोन बस बदलून कोथरूडला मावशीकडे जायची. मावशीच्या बचत गटात एकदा ही मुलं माइक घेऊन आली आणि आईशी बराच वेळ बोलली. घरी आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "रविवारी चार वाजता लागणार आहे." काय बोललीस, असं विचारलं तर म्हणाली, "ऐकालच की."

पप्पांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. ते नुकतेच सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि घरातल्या कुठल्याही बातमीला 'ठेवून जा, बघतो' असाच चेहरा करायचे. पण दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, तो त्यांनी उचलला. मावशी फोनवर इतक्या मोठ्यानं बोलते की मलाही सगळं ऐकू आलं. "दाजी, ताई छान बोलली हं. जुनं सगळं बोलली, नोकरीचंसुद्धा." पप्पांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. का उतरला, हे या घरात फक्त मला माहीत आहे, असं मी तेव्हा समजत होते.

आठवीत असताना शाळेत द्यायचा एक दाखला शोधायला मी पप्पांची ट्रंक उघडली होती. तळाशी आईच्या नावाचं एक पत्र सापडलं. टायपिस्ट म्हणून सरकारी नेमणूक, पंधरा दिवसांत हजर व्हावे. तारखेवरून मी तेव्हा चार महिन्यांची असणार. आई तर मला नेहमी सांगायची की तिनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं, मुलाखतही झाली, पण पुढे काही झालं नाही. मी पत्राची होती तशी घडी घातली आणि होतं तिथे ठेवलं. कुणाला बोलले नाही. पप्पांचा राग मात्र तेव्हापासून धरला, तो सोडला नाही. पुढची पंधरा वर्षं त्यांच्याशी जे जे तुसडेपणानं वागले, त्याला मनातल्या मनात हेच कारण देत आले.

आता आई रेडिओवर सांगणार की नोकरीचं काही झालंच नाही, आणि ते पप्पांना आमच्यासमोर बसून ऐकावं लागणार. मला धास्ती वाटत होती. खोटं कशाला बोलू, थोडी गंमतही वाटत होती.

जेवताना पप्पा म्हणाले, "कोथरूडला धावायचं काय त्यात? घरात रेडिओ आहे. इथेच ऐकू."

"इथे लागत नाही ते," मी म्हणाले.

"मग नाही ऐकू."

मला वाटलं, आता तरी आई भांडेल. ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "बरोबर आहे. इथेच ऐकू, तिघांनी मिळून." मावशी टेप करून ठेवते म्हणाली होती, तेही तिला नको होतं. पप्पांना ते स्टेशन लागायलाच नको होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. आई काय मनात धरून बसली होती ते मात्र कळेना.

मला संताप आला, आणि संताप आला की मी कामाला लागते. शनिवारी पप्पांचा रेडिओ मी न विचारता उचलला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीवर नेला. त्या रेडिओला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. बातम्यांच्या जागी आकड्यांच्या पट्टीवर त्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. तो ठिपका सोडून काटा पार टोकाला नेला. तिथे शेजारच्या मोठ्या स्टेशनची गाणी आणि फ्लॅटच्या जाहिराती एवढ्या मोठ्यानं वाजत होत्या, की त्यांच्याखाली काही असेल असं वाटेना. एरियल फिरवली, रेडिओ टाकीवर ठेवला, कठड्यावर ठेवला. शेवटी ट्यूबलाइटच्या जुन्या चोकमधली तांब्याची तार सोडवून एरियलला गुंडाळली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवरून पश्चिमेकडे ताणली. टाकीच्या कोपऱ्यात चार-पाच शब्द ऐकू आले. कुणीतरी मेथीच्या जुडीबद्दल बोलत होतं. मी तेवढ्यावर खूश झाले.

रविवारी पावणेचारला आम्ही तिघं वर. आई धुतलेलं पातळ नेसून पालथ्या बादलीवर बसली होती. पप्पा दाराशी उभे, निघायच्या तयारीत असल्यासारखे. चार वाजले आणि रेडिओतून फ्लॅटची जाहिरात सुरू झाली. मेथी नाही, काही नाही. मी तार ओढत होते, काटा केसभर इकडे तिकडे करत होते. चार वाजून दोन मिनिटं झाली. आई हात मांडीवर ठेवून रेडिओकडे पाहत होती.

"पप्पा, जरा हे टोक धरा, गाठ मारते," मी म्हणाले. ते नाइलाजानं पुढे आले, तार धरली, आणि रेडिओतून आईचा आवाज आला. स्वच्छ आला, समोर बसून बोलावं तसा.

"हलू नका," मी म्हणाले.

"मी काय खांब आहे का?"

"आत्ता आहात."

मी स्वतः तार धरून पाहिली, तर पुन्हा जाहिरात. त्यांची उंची म्हणा, जागा म्हणा, पण स्टेशन लागत होतं ते त्यांच्याच हाताला. ते उभे राहिले, हात वर, तोंड पश्चिमेला, आमच्याकडे पाठ.

रेडिओवरची आई माहेरच्या विहिरीबद्दल बोलली, लग्नाबद्दल बोलली. मग ती कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, नोकरी करावी असं नाही वाटलं कधी?"

"वाटलं ना. टायपिंग होतं माझं, मराठी-इंग्लिश दोन्ही. मुलाखत झाली होती."

"मग?"

त्याच क्षणी आवाज फुटला आणि 'दोन आणि तीन बीएचके' सुरू झालं. पप्पांनी पाय हलवला होता. अर्धंच पाऊल, मागे. मी ओरडणार होते, पण आईकडे पाहिलं आणि थांबले. ती त्यांच्या पाठीकडे पाहत होती. पप्पांनी तार सोडली असती तर आम्ही काय करणार होतो? लागत नाही म्हणाले असते आणि खाली गेले असते.

मग त्यांनी ते अर्धं पाऊल परत पुढे टाकलं.

"...रजिस्टर पत्र आलं होतं. यांनी सही करून घेतलं आणि ठेवून दिलं. मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी पोस्टमन दारात उभा. म्हणाला, वहिनी, सरकारी नोकरी लागली, पेढे कुठायत?" कॉलेजची मुलगी हसली. आई हसली नाही. "पंधरा दिवसांत हजर व्हायचं असतं. पंधरा दिवस मी वाट बघितली की हे सांगतील. सोळाव्या दिवशी पोस्टमनला पेढे दिले आणि बाळाचे आहेत म्हणून सांगितलं."

"तुम्ही विचारलं नाहीत त्यांना?"

"नाही. त्यांनी सांगायचं होतं. अजून वाट बघतेय." मग ती म्हणाली, "माझी मुलगी दिवसभर कीबोर्डवर असते आता. तिची बोटं माझी आहेत. तिला बघितलं की बरं वाटतं."

मग गाणं लागलं. पप्पा तसेच उभे होते. हात अजून खाली आणला नव्हता.

"आलं होतं," ते म्हणाले. तोंड अजून पश्चिमेलाच.

"माहीत आहे," आई म्हणाली. "सोडा आता ती."

त्यांनी तार सोडली. माझे डोळे भरून आले होते, आणि मला आईच्या बाजूला उभं राहायची घाई झाली होती. मी म्हणाले, "आई, मी पाहिलंय ते पत्र. ट्रंकेत आहे. मी आठवीत होते तेव्हा सापडलं होतं." मला वाटलं, ती मला जवळ घेईल.

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पप्पांच्या पाठीकडे पाहताना तिची नजर इतकी कठोर नव्हती.

"आठवीत," ती म्हणाली. "आणि परत ठेवून दिलंस?"

ती उठली, दोरीवरचे वाळलेले दोन टॉवेल ओढले आणि खाली गेली. पप्पा तिच्या मागोमाग गेले. मी तार गुंडाळत, रेडिओ पुसत, उगाच वर रेंगाळले. खाली आले तेव्हा स्वयंपाकघरात ते दोघं समोरासमोर बसून चहा पीत होते. मधे ते पत्र उघडून ठेवलं होतं. पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं आणि ओट्यावर माझ्यासाठी तिसरा कप नव्हता.