शोभाताईंचे ब्रेक

कुणाचीही सायकल दिसली, की शोभाताई आधी एका बोटाने तिचा ब्रेक दाबून बघायच्या. मी शाळेत नव्यानेच शिकवायला लागले होते. माझी कोरी माउंटन बाईक पार्किंगमध्ये उभी होती आणि इस्त्रीची साडी नेसलेल्या, पन्नाशीच्या गणिताच्या बाई तिच्या चाकाशी उकिडव्या बसल्या होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "उतरायचं कुटं हाय तुला?"

"म्हणजे?"

"चढ समदेच चढत्यात गं, मनीषा. उतरणार कुटं, त्यावर ब्रेक ठरतो."

वर्गात त्या छापील मराठी बोलत. सायकलीपाशी आल्या, की तोंडी माहेरची, मंद्रूप गावची बोली यायची. पुढे दर रविवारी आम्ही तिघं सकाळी निघू लागलो: ताई, मी आणि औषधांचं दुकान चालवणारे समीरभाई. कधी कालव्याच्या काठाने, कधी तुळजापूरच्या बाजूच्या दगडी डोंगरउतारावर.

समीरभाईंना सगळ्यात मोठे ब्रेक हवे होते. "आपा, बड़ा ब्रेक लगाया तो डर कायकू?"

"जाणार कालव्याकडंनं, आन् ब्रेक घेणार कडा उतरायचा?" ताई म्हणाल्या. "जरा दाबला की चाक जाग्यावर धरंल, आन् तुमी एकलेच म्होरं जाल की." पिस्टन जितके जास्त, तितकी चाकाच्या मधल्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, ब्रेकची पकड घट्ट. सपाट माळावर लांब पल्ला मारणाऱ्याला दोन पिस्टनचा हलका ब्रेक आणि लहान डिस्क पुरते, खडकाळ वाटेवर पुढची डिस्क मोठी हवी, सरळ कडाच उतरायचा तर चार पिस्टन. हे त्या स्वयंपाकातल्या मिठासारखं सांगायच्या. कमी नको, जास्तही नको.

एकदा डोंगर उतरताना भीतीने मी सबंध वेळ ब्रेक दाबूनच धरला होता. अर्ध्या वाटेत लिव्हर मऊ पडली, पार हँडलला टेकली. कशीबशी एका झुडपात शिरून थांबले. डिस्क इतकी तापली होती, की मी पाण्याची बाटली उघडली.

"वतू नको! वाकंल ती." ताईंनी माझा हात धरला आणि मला सावलीत बसवलं. "ब्रेकातल्या तेलाला बी दम लागतो, बाई. दाबायचा, सोडायचा, त्याला श्वास घिऊ द्यायचा. आन् वळणाच्या आदी दाबायचा. वळणात शिरल्यावर दाबला, तर तो ब्रेक न्हाय, नवस हाय." माझ्या खरचटलेल्या कोपरावर त्यांनी स्वतःचा रुमाल बांधला आणि उरलेली उतरण माझ्याबरोबर पायी उतरल्या.

मग एका हिवाळ्यात ताईंनी स्वतःच्या हलक्या सायकलीला चार पिस्टनचे ब्रेक बसवले. पुढे मोठी डिस्क, मागेही मोठी. समीरभाईंनी मनसोक्त चिडवलं. "वय झालं की चार हात लागत्यात," ताई हसल्या. काही महिन्यांनी त्यांनी लिव्हर हँडलच्या अगदी जवळ ओढून घेतल्या. एका बोटाने दाबणाऱ्या ताई दोन बोटं लावू लागल्या, मग तीन. वर्गात त्यांच्या हातून खडू पडायचा.

एका रविवारी उतरणीच्या माथ्यावर त्या थांबल्या आणि सायकलीवरून उतरल्या. समीरभाई पुढे गेले होते.

"बोटं ऐकंनात आता," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. नसा झिजत जाणार. आदी हात, मग पाय, मग बोलणं."

"औषध?"

"न्हाय." खाली दिसणाऱ्या वाटेकडे बघत त्या म्हणाल्या, "ह्यांना अजून सांगितलं न्हाय. कसं सांगू?"

हे म्हणजे अण्णा, त्यांचे यजमान. विजेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. आयुष्यात सायकलवर न बसलेले. त्याच संध्याकाळी ताईंनी त्यांना सांगितलं. पुढे हात चालेनासे झाले, तशी ताईंची वेणी अण्णा घालू लागले, घासही तेच भरवू लागले. मग बोलणंही तुटत गेलं, तेव्हा ताईंचे शब्द फक्त अण्णांनाच कळायचे.

त्या उन्हाळ्यात मी सह्याद्रीतली एक मोठी उतरण करायचं ठरवलं आणि ब्रेक कुठले घेऊ, म्हणून विचारायला गेले. ताईंचे डोळे चमकले. सबंध दुपार लागली. त्या एकेक शब्द ओढून काढत होत्या, अण्णा कान तोंडाशी नेऊन मला सांगत होते. "चार पिस्टन म्हणती. डिस्क मोठी... पॅड धातूचे. तापले तरी टिकत्यात." त्या शब्दांचा अर्थ अण्णांना ठाऊक नव्हता, पण एकही शब्द चुकला नाही.

शेवटी ताई आणखी काही पुटपुटल्या. अण्णा कसनुसे हसले. "मला म्हणती, तुमी बी शिका की सायकल. म्या गेल्यावर घरात बसून ऱ्हाऊ नका."

पावसाळा संपायच्या आत ताई गेल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णा शाळेच्या मैदानावर आले. ताईंची सायकल ते घरापासून हाताने ढकलत, पायी आले होते. "शिकवशील?" एवढंच म्हणाले. मी सीट खाली केली, त्यांना बसवलं आणि मागून धरून ढकलू लागले. सायकल हलेना. बघते तर दोन्ही मुठींत ब्रेक गच्च आवळलेले.

"अण्णा, ब्रेक सोडा."

त्यांनी मुठी आणखी आवळल्या. बोटं पांढरी पडली होती.

"सोडवंना गं, पोरी," ते म्हणाले.

मी सायकल तशीच धरून उभी राहिले.